नानांनी जिंकलेला डाव

विनायकनानांनी माझं पहिलंच काम परत पाठवलं होतं.

धुळ्यात दवाखाना थाटून मला जेमतेम तीन आठवडे झाले होते. पारोळ्याच्या एका आजोबांची वरची-खालची पूर्ण कवळी करायची होती. मी माप घेतलं, ओल्या कापसात गुंडाळून डब्यात घातलं आणि नानांच्या लॅबला पाठवून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच डबा हातात घेऊन नाना स्वतः दारात उभे. पांढरा हाफ शर्ट, खाकी पँट, दोन्ही कोपरांपर्यंत प्लास्टरची पांढरी पूड, चष्मा कपाळावर चढवलेला. तोवर मी त्यांना पाहिलंही नव्हतं. त्यांनी नमस्कार केला आणि म्हणाले, "डॉक्टर, हे माप परत घ्यावं लागेल."

"का? काय झालं?"

"डावीकडे मागे गालाची घडी आत आलीये. कवळी तशी बसेल. पण म्हातारा मोठ्याने हसला की सुटेल."

मला राग आला. नवी डॉक्टर, त्यात बाई, म्हणून हा माणूस माझी परीक्षा बघतोय असं वाटलं. मी म्हटलं, "ते आजोबा मोठ्याने हसणाऱ्यातले नाहीत."

"तरी सोय असावी," नाना म्हणाले.

माप परत घेतलं. कवळी झाली. आजोबा आरशात बघून हसले की नाही ते मला आठवत नाही, पण त्या दिवसापासून लॅब बंद होईपर्यंत, वीस-बावीस वर्षं, माझ्या दवाखान्यातला प्रत्येक दात नानांच्या हातून गेला.

नाना मूळचे जळगावचे, सोनाराच्या घरातले. त्यांचे वडील केळीच्या बागायतदारांच्या दातांवर सोन्याची टोपणं चढवून द्यायचे. त्या काळी ती मोठी हौस होती. नाना म्हणायचे, "भाऊ लोक सोन्याकडे गेले, मी दाताकडे गेलो." धुळ्याला एका जुन्या डॉक्टरांच्या हाताखाली ते कवळ्या करायला शिकले आणि मग त्याच गल्लीत पहिल्या मजल्यावर स्वतःची लॅब टाकली. पुढच्या खोलीत लॅब, मागच्या दोन खोल्यांत संसार. खाली पिठाची गिरणी. गिरणी सुरू झाली की लॅबमधल्या बाटल्या किणकिण वाजायच्या. नाना तेवढ्यापुरता हातातला ब्रश उचलून धरायचे, आणि गिरणी थांबली की जिथे सोडला होता तिथेच पुन्हा टेकवायचे.

त्यांना माणसं दातांवरून ओळखू यायची. बाजारात कोणी हसून नमस्कार केला की नाव आठवायचं नाही, मला हळूच म्हणायचे, "वरचे पुढचे चार. सहा वर्षं झाली. छान सांभाळलेत." कवळीची आतली बाजू, जी टाळूला चिकटते आणि जन्मात कोणाला दिसत नाही, ती ते बाहेरच्या बाजूइतकीच निगुतीने घासायचे. आणि स्वतःच्या तोंडात खालच्या बाजूला तीन दात नव्हते. ते करून घ्यायला त्यांना कधी वेळ झाला नाही.

शिपायांचं प्रकरण सुरू झालं ते माझ्याच दवाखान्यातून. परदेशात नोकरी करणारा एक धुळ्याचा इंजिनिअर दाढ दुखते म्हणून आला होता. त्याच्याकडे एक खोका होता. खोक्यात बोटाच्या दोन पेरांएवढे धातूचे शिपाई, रंगवलेले. पण प्रवासात बॅग आपटली आणि कोणाचा पाय गेला, कोणाची बंदूक. तो थट्टेत म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडे दात बसवतात, तर पाय बसवतील का?" मी खोका नानांकडे पाठवला. पाचव्या दिवशी परत आला तेव्हा कुठला पाय जुना आणि कुठला नवा, ते त्या इंजिनिअरलाच कळेना. त्याने खूश होऊन नानांना सगळं समजावून सांगितलं. तिकडे लोक अशा अख्ख्या फौजा जमवतात, एकेक शिपाई हाताने रंगवतात, आणि मग टेबलावर डोंगर-नद्या मांडून लढाई खेळतात. कोणी किती इंच सरकायचं ते टेपने मोजायचं, वार लागला की नाही ते फाशांवर ठरवायचं. जाताना त्याने नियमांच्या पुस्तकाची झेरॉक्स ठेवली.

खोका परत देण्याआधी नानांनी चार शिपायांचे साचे काढून घेतले होते. मला म्हणाले, "ओळख राहावी म्हणून."

पुस्तक इंग्रजीत होतं. नानांचं इंग्रजी प्लास्टर, मेण आणि अॅक्रिलिकच्या डब्यांवरच्या अक्षरांपुरतं. दुपारी दोन ते चार माझा दवाखाना बंद असायचा, तेव्हा आठ-दहा दिवस मी त्यांच्याकडे जाऊन पान-पान मराठीत सांगत बसले. तिथेच मला अक्का नीट कळल्या.

सुमनअक्का, नानांच्या पत्नी. साक्रीच्या पलीकडच्या डोंगराळ खेड्यातल्या. शाळा चौथीपर्यंत, त्यानंतर लग्न होईपर्यंत त्यांनी बकऱ्या वळल्या. लग्नाला तीसेक वर्षं होऊनही शहरातली मराठी त्यांनी तोंडाला लागू दिली नव्हती. घरी-दारी, दुकानात, डॉक्टरांशी, सगळीकडे अहिराणीच. मी नियम वाचत असताना त्या आमच्याकडे पाठ करून मेथी निवडत बसलेल्या असायच्या. चौथ्या दिवशी एका नियमावर मी अडकले. अरुंद खिंडीतून घोडदळ कसं न्यायचं, यावर अर्धं पान लिहिलं होतं आणि त्याचा अर्थ मलाही लागेना, नानांनाही. अक्कांनी मान न वळवताच म्हटलं, "खिंडमाईन एकेक करीसनच जाई. दुसरं काय करी तो?"

मी पान पुन्हा वाचलं. नेमकं तेच लिहिलेलं होतं.

पहिले वीस शिपाई नानांनी त्या चार साच्यांतून ओतले. लांब कोट, उंच टोप्या, गोरे चेहरे. अक्कांनी ते ताटलीत घेऊन उलटसुलट बघितले आणि विचारलं, "ह्या कोठला लोक शेतस?" नानांनी सांगितलं, तिकडचे. अक्कांनी ताटली परत केली. तिकडच्या लोकांशी आपलं भांडण नाही, म्हणाल्या. आपली माणसं करा, मग बघू.

मग नाना मेणात कोरायला बसले. पागोटी, अंगरखे, घोंगडी पांघरलेले, गोफण फिरवणारे, वाकून तीर लावणारे. दोन फौजा ठरल्या. सपाटीवरची, नदीकाठची फौज नानांची, डोंगराकडची अक्कांची. नदीकाठच्यांकडे घोडे जास्त, डोंगराकडच्यांकडे तिरंदाज. अक्कांनी एक गोष्ट हट्टाने करून घेतली, ती म्हणजे अकरा बकऱ्या. नाना म्हणाले, नियमांत बकऱ्या नाहीत. अक्का म्हणाल्या, "मंग फौज काय खाई?" नानांनी बकऱ्या ओतल्या, आणि शपथेवर सांगते, त्या अकरांतल्या कुठल्याही दोन बकऱ्या सारख्या दिसत नव्हत्या.

नानांना रंगवताना बघणं हा माझा विसावा होता. दुपारी दोन ते चार खिडकीतून सरळ उजेड यायचा, तेवढाच वेळ. औषधाच्या बाटलीच्या बुचावर शिपाई मेणाने चिकटवायचा, बूच डाव्या चिमटीत धरायचं, आणि उजव्या हाताची करंगळी त्याच बुचाला टेकवायची, म्हणजे दोन्ही हात मिळून एकच हात होतो. दातांवर छटा देण्याचा बारीक ब्रश. आधी सगळा शिपाई काळपट तपकिरी. तो सुकला की अंगरख्याच्या घड्यांचा वरचा भाग तेवढा फिका, मग त्याहून फिका. "आधी सगळं अंधारात घालायचं," ते सांगायचे, "आणि मग एकेक गोष्ट उजेडात आणायची." एका शिपायाला तीन दिवस लागायचे. डोळे सगळ्यांत शेवटी. तेव्हा ते श्वास धरायचे, आणि त्यांच्याबरोबर मीही धरायचे.

पाठीसुद्धा तेवढ्याच मेहनतीने रंगवायचे. घोंगडीवरची ठिगळं, पागोट्याचा मागचा सुटलेला शेव. एकदा मी विचारलं, "नाना, पाठ कोण बघणार?"

अक्कांचं उत्तर आतून आलं. "मीच देखस ना! जवय पळतस, तवय पाठच दिखस."

नाना इतके हसले की त्यांना ब्रश खाली ठेवावा लागला. कारण ते खरं होतं. नाना दर खेपेला हरायचे, आणि त्यांची फौज पाठ फिरवून पळायची.

रविवारी जेवणं झाली की दिवाणावर एक मोठी फळी टाकली जायची. फळीवरचे डोंगर म्हणजे खानदेशातल्या लोकांचे जबडे. कवळी झाली की प्लास्टरचे ठसे उरतात, ते नाना उलटे मांडायचे, एकाला एक जोडायचे आणि वर माती-गवताचा रंग द्यायचे. टाळूवरच्या वळ्या पायऱ्यांच्या शेतांसारख्या दिसायच्या. एका उंच टेकडीकडे बोट दाखवून त्यांनी मला विचारलं होतं, "ओळखलंत का? आपले पारोळ्याचे आजोबा." निळ्या कापडाची नदी, वाळलेल्या काटक्यांची झाडं. एका बाजूला नाना खुर्चीवर, दुसऱ्या बाजूला अक्का दिवाणावर मांडी घालून.

नाना हरायचे कारण त्यांना एकाही शिपायाला पुढे पाठवणं जमायचं नाही. "तो नको, त्याच्या शेल्याचा रंग अजून कच्चा आहे." "हा घोडा राहू दे, याचा पाय नाजूक आहे." उत्तम रंगवलेले सगळे मागच्या रांगेत, आणि पुढे कसेबसे जमलेले. अक्कांना असली दयामाया नव्हती. बकऱ्या कुठल्या बाजूने फुटणार हे लहानपणापासून ओळखणारी ती बाई. नाना कुठे बघतायत, हात कुठे घुटमळतोय, यावरून त्यांना पुढची चाल कळायची. तासाभरात नदीकाठच्या फौजेचा निकाल लागलेला असायचा. नाना आडवे पडलेले शिपाई फुंकर मारून उचलायचे, रंग कुठे उडाला ते तपासायचे. अक्का पदर खोचत चहाला उठायच्या आणि म्हणायच्या, "तुमीन रंग द्या. लढाई मी करस."

सोमवारी काम पोचवायला आले की नाना दवाखान्याच्या दारातूनच सांगायचे, "डॉक्टर, काल पुन्हा हरलो." बक्षीस मिळाल्यासारखा चेहरा असायचा.

एकदाच ती फौज धुळ्याबाहेर गेली. जळगावच्या काही कॉलेजातल्या मुलांनी असल्या खेळाचा मेळावा भरवला होता. कोणाकडून तरी त्यांना नानांचं कळलं. अक्कांच्या माहेरून आलेल्या सरकी काढलेल्या कापसात एकेक शिपाई गुंडाळून, पत्र्याच्या ट्रंकेत घालून, ती ट्रंक मांडीवर घेऊन नाना एसटीने जळगावला गेले. अक्का बरोबर, आणि त्या रविवारी मीही. हॉलमध्ये पंचवीस-तीस मुलं. महागाच्या, बाहेरून मागवलेल्या फौजा. नानांनी कापूस उलगडायला सुरुवात केली तशी एकेक मुलगा आपलं टेबल सोडून आला. भिंगातून बघायला लागली मुलं.

खेळ सुरू करायची वेळ झाली तेव्हा मुलांचा म्होरक्या नानांसाठी खुर्ची घेऊन आला. नाना म्हणाले, "मी नाही. ह्या." अक्का बसल्या. मुलगा जरा गोंधळला, मग सांभाळून घेत हळूहळू, समजावत खेळायला लागला. अक्कांना काय समजावायचं! पाऊण तासात त्याचे तोफखाने खिंडीत कोंडले गेले होते आणि मागून गोफणवाले उतरत होते. मुलगा डोकं धरून बसला. उठला तो सरळ अक्कांच्या पायाच पडला. अक्का म्हणाल्या, "जीवत ऱ्हा बेटा. जेवन कवय शे?"

उत्तम रंगकामाचं बक्षीस मात्र नानांना मिळालं नाही. परीक्षक म्हणून आलेल्या गृहस्थांनी भाषणात कारण सांगितलं. काम अप्रतिम आहे, पण ही फौज कुठल्या काळातली, कुठल्या राजाची, ते सांगता येत नाही. इतिहासात अशी फौज नाही. नानांनी मान डोलावली, त्यांना ते पटलंही असेल. अक्कांना नाही पटलं. भर हॉलमध्ये, सगळ्या फौजेकडे हात करून त्या म्हणाल्या, "इतिहासमा नई ते काय व्हयनं? आठे शे ना बठ्ठी!"

परतताना एसटीत अक्का नानांच्या खांद्यावर झोपल्या होत्या आणि नाना ट्रंकेवर दोन्ही हात ठेवून बसले होते. मी मागच्या बाकावर होते. इतकं सुखी जोडपं मी फार बघितलेलं नाही.

त्यानंतर चार वर्षांनी, संक्रांतीच्या आठवड्यात, सकाळी भाकरी थापता थापता अक्का कलल्या. मेंदूत रक्ताची गाठ. तीन आठवडे दवाखाना झाला. घरी आल्या तेव्हा उजवं अंग गेलेलं होतं आणि बोलणंही. सगळ्या शब्दांपैकी एकच शब्द उरला होता. 'शे.' हो म्हणायचं असेल तर शे. भूक, तहान, वेदना, सगळ्याला शे. नाही म्हणायचं असेल तर त्या डोळे मिटून घ्यायच्या.

नानांची मुलगी वर्षा जळगावला असते, ती महिनाभर येऊन राहिली. तिने आई-वडिलांना घेऊन जायचं ठरवलं होतं. नाना नाही म्हणाले. लॅबचं काम त्यांनी निम्म्यावर आणलं. अक्कांची वेणी घालायला शिकले. ती वाकडी व्हायची. आणि दुसऱ्या महिन्यात एका रविवारी त्यांनी फळी काढली, अक्कांच्या कॉटला लावून दोन स्टुलांवर ठेवली, आणि दोन्ही फौजा मांडल्या.

अक्का डाव्या हाताच्या बोटाने शिपाई दाखवायच्या, मग जागा दाखवायच्या. नाना विचारायचे, "हा? टेकडीच्या मागून?" अक्का म्हणायच्या, शे. नाना त्यांचा शिपाई नेऊन ठेवायचे, मग आपला हलवायचे. फासे अक्कांच्या डाव्या तळव्यात ठेवायचे, त्या ते सांडायच्या. एका डावाला चार-चार तास लागत. आणि संध्याकाळी माझा फोन वाजायचा. "डॉक्टर, हरलो! साफ हरलो!" त्या आवाजात काय होतं ते मी कसं सांगू? डॉक्टरांनी तपासण्या करून जे सांगितलं नव्हतं, ते नानांना त्या हरण्यातून कळायचं. अक्का आत आहेत. शब्द गेलेत, हात गेलाय, पण त्या आहेत.

असे आठ-नऊ महिने गेले.

एका रविवारी दुपारीच फोन आला. "डॉक्टर, जरा येऊन जाता का?" एवढंच. आवाज ऐकून मला वाटलं, संपलं. मी तशीच निघाले. जिना चढून गेले तर अक्का उशीला टेकून जाग्या होत्या, चेहरा शांत. नाना खुर्चीत, दोन्ही हात गुडघ्यांवर. फळीवर डोंगराकडची सगळी फौज आडवी पडलेली होती.

"मी जिंकलो," नाना म्हणाले.

मी कॉटच्या कडेशी टेकले.

"ती माझ्या बाजूने खेळली, डॉक्टर. पहिल्याच चालीला तिने माझ्या घोड्याकडे बोट केलं. मला वाटलं, बोट चुकलं. मी विचारलं, हा? हा माझा आहे ना? शे, म्हणाली. मग पुढची चालही माझ्याच माणसांची. कुणीतरी तिची बाजू हलवायला हवी म्हणून मी तिची हलवायला लागलो. मला कुठे येतं? तिने माझे लोक नदीतून पलीकडे नेले, टेकडीला वळसा घातला, आणि स्वतःचीच फौज घेरली. एकालाही मागे ठेवलं नाही. मी रंगवलेले चांगले चांगले, सगळे पुढे."

मग अगदी हळू, अक्कांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात त्यांनी विचारलं, "डॉक्टर, ती विसरली का? का मला एकदा जिंकू द्यावं म्हणून मुद्दाम केलं?"

मी अक्कांकडे बघितलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या. त्या नजरेतून मला काहीही वाचता आलं नाही. मी दातांची डॉक्टर. मेंदूचं मला किती कळणार? तरी मी म्हटलं, "नाना, असे छोटे छोटे झटके परत येऊ शकतात. उद्या एकदा दाखवून घेऊ." त्यांनी मान हलवली. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं हे उत्तर नव्हतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी तपासणी झाली. मोठे डॉक्टर म्हणाले, एखादा लहान झटका येऊन गेला असेल, नसेलही. नक्की सांगता येत नाही.

पुढच्या रविवारी नानांनी फळी काढली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. फळी कपाटाच्या मागे उभी करून ठेवली आणि दुपारी ते अक्कांना वर्तमानपत्र वाचून दाखवायला लागले. मी एकदा गेले तेव्हा वाचन चालू होतं. अक्कांनी डावा हात उचलून कपाटाकडे केला. "शे," म्हणाल्या. नानांनी विचारलं, "काय जोयजे तुले? पानी?" अक्कांनी डोळे मिटले. उघडले. परत हात कपाटाकडे. "शे. शे." नानांनी उशी सरळ केली. पांघरूण ओढलं. पाणी आणलं. अक्का ते प्यायल्या नाहीत. हात मात्र खाली घेतला.

त्या डावानंतर पाच-सहा आठवड्यांनी, एका बुधवारी सकाळी, नाना चमच्याने चहा पाजत असताना अक्का गेल्या.

माणसं आली, गेली. नाना सगळ्यांशी नीट बोलत होते. तेराव्यानंतर वर्षा सामान आवरत असताना ते माझ्याशेजारी येऊन बसले आणि मी काही न विचारता म्हणाले, "तिला पाणी नको होतं. मला कळत होतं."

मी त्यांच्याकडे वळले.

"मी फळी काढली असती आणि ती परत माझ्याच बाजूने खेळली असती, तर मग ती विसरली हे नक्की झालं असतं. काढली नाही, म्हणून मला अजून म्हणता येतं की तिने मला जिंकू दिलं. मी माझी सोय बघितली, डॉक्टर. पाच रविवार ती मागत होती. दुसरं काही मागितलं नाही तिने."

"नाना, तुम्ही अक्कांचं किती केलंत..."

"ते केलं. पण जे मागितलं, ते नाही दिलं."

त्या विषयावर ते पुन्हा कधी बोलले नाहीत.

लॅब बंद झाली. माझी कामं आता नाशिकला कुरिअरने जातात. मशीनवर होतात, चांगली होतात, परत कोणी पाठवत नाही. नानांना वर्षा जळगावला घेऊन गेली. फोन व्हायचा सुरुवातीला, मग सणावारी, मग राहून जायचा.

नाना गेले त्याच्या महिनाभर आधी मी त्यांना शेवटचं पाहिलं. एका साखरपुड्याला मी सासरच्या मंडळींबरोबर जळगावला गेले होते. परतताना तासाभरासाठी त्यांच्याकडे डोकावले. मेहरूणकडे वर्षाचं रो-हाऊस आहे. जावई भला माणूस. त्याने हौसेने हॉलच्या भिंतीत काचेचं कपाट करून घेतलं होतं, आत बारीक दिवे, आणि त्यात नानांची सगळी फौज ओळीने मांडली होती. नदीकाठचे आणि डोंगराकडचे मिसळून, उंचीप्रमाणे, सगळ्यांची तोंडं बाहेर, आपल्याकडे. दोन्ही फौजा एकाच बाजूला बघत उभ्या होत्या. मुलांनी हात लावू नये म्हणून कुलूप होतं. मी कौतुक केलं. नाना त्या कपाटाकडे पाठ करून जेवणाच्या टेबलाशी बसले होते. फार बारीक झाले होते.

वर्षाने चहा आणला. ऊन, शुगर, नातवाची परीक्षा, असं बोलणं झालं. वर्षा आत गेली. नाना बोलता बोलता टेबलावरच्या वस्तू बाजूला ठेवत होते. लोणच्याच्या बरण्या खिडकीत, पाण्याचा जग फ्रीजवर, औषधांचा डबा आणि पेपर शेजारच्या खुर्चीवर. मग चहाचे कप स्वतः आत नेऊन ठेवले. परत आले ते ओलं फडकं घेऊन. टेबल पुसलं, कोपरे पुसले. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाची सवय.

मग समोर बसून म्हणाले, "डॉक्टर, नियम तुम्हाला सगळे माहीत आहेत. तुम्हीच तर वाचले होते."

"किती वर्षं झाली नाना त्याला!"

"आठवतील. तासभर लागेल फार तर. कपाटाची चावी वर्षाकडून मागून घेतो."

माझा फोन वाजला. चौकात गाडी थांबली होती, गाडीत सासूबाई, दीर, दोन मुलं, आणि अंधार पडायच्या आत धुळे गाठायचं होतं. मी घड्याळाकडे बघितलं. नानांनी ते बघितलं.

"पुढच्या वेळी नक्की," मी म्हटलं. "दिवसभराची सवड काढून येते."

"बरं," नाना म्हणाले. आग्रह केला नाही.

मी नमस्कार केला आणि निघाले. फाटकाशी चपलेचा बंद लावायला वाकले, आणि उठताना खिडकीतून आत नजर गेली. नाना टेबलावर वस्तू परत ठेवत होते. औषधांचा डबा, पेपर, पाण्याचा जग. लोणच्याची एक बरणी ठेवली, मग दुसरी. ती जरा तिरपी बसली होती. ती त्यांनी बोटाने हळूच सरळ केली, आणि हात तसाच तिच्यावर ठेवून उभे राहिले.

चौकातून हॉर्न ऐकू आला. मी गेले.